साउंड आणि म्युझिक प्रॉडक्शनमध्ये करिअर : बारावीनंतर नेमकी तयारी काय करावी? (ठाणे / नवी मुंबई)

नौपाड्याची_अनघा

नमस्कार मंडळी,

मुलगा यंदा बारावी सायन्स झाला. मार्क बरे आहेत, इंजिनीअरिंगला कुठे ना कुठे प्रवेश मिळेल. पण कॉलेजच्या एकांकिकेचं पार्श्वसंगीत केल्यापासून त्याचं एकच म्हणणं आहे, साउंडमध्येच काम करायचंय. तबल्याची मध्यमा पूर्ण झाली आहे. घरी लॅपटॉप, एक छोटा ऑडिओ इंटरफेस आणि हेडफोन एवढं सामान आहे. त्यावर रात्री जागून जे काही करतो ते मला छान वाटतं, पण मी आई आहे, मला ते वाटणारच.

खासगी संस्थांच्या डिप्लोम्याची फी लाखांत आहे. कर्ज काढून भरावी का? की आधी पदवी? आत्तापासून त्याने काय शिकायला हवं? आणि ठाण्यात राहून हे जमतं, की अंधेरीला खोलीच घ्यावी लागते? यजमानांचा विरोध नाही, पण महिन्याच्या महिन्याला घरात पैसे येतात का, हा त्यांचा प्रश्न आहे आणि तो मला रास्त वाटतो. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

घोडबंदरचा_वाटसरू

आधी पदवी. बाकी सगळं नंतर.

खारघर_कट्टा

रुमाल टाकून ठेवतो. भाचीचंही हेच चाललंय.

मागच्या_रांगेतून

अनघाताई, मी बरीच वर्षं लाइव्ह साउंड करतोय. ठाण्याचं गडकरी रंगायतन आणि घाणेकर नाट्यगृह, वाशीचं भावे नाट्यगृह, शिवाय मैदानातले कार्यक्रम. त्या अनुभवावरून लिहितो.

'साउंड' हे एक काम नाहीच. गाणं बांधणारा अरेंजर वेगळा, ते रेकॉर्ड आणि मिक्स करणारा वेगळा. सिनेमाच्या सेटवर बूम (लांब दांडीवरचा माइक) धरणारा वेगळा, त्याच सिनेमाचे संवाद साफ करणारा वेगळा. नाटकाचं म्युझिक ऑपरेट करणं ही आणखी निराळी विद्या. मुलाला विचारा यातलं काय करायचंय. अठराव्या वर्षी त्याला ठाऊक नसणार, आणि त्यात काही गैर नाही. पहिलं वर्ष सगळीकडे डोकावण्यात घालवू दे. त्याला लाखांची फी लागत नाही.

माझ्याकडे पोरं येतात तेव्हा सुरुवातीला त्यांच्या हातात फक्त वायरी देतो. केबल गुंडाळताना एक वेढा सुलट, एक उलट. कोपराभोवती गुंडाळली की आतल्या तारांना पीळ बसतो आणि ऐन कार्यक्रमात ती खरखरायला लागते. मग सोल्डरिंग. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन कनेक्टर आणि वायर आणायची, घरी बसून केबल बनवायची. एक्सएलआरच्या, म्हणजे माइकच्या केबलच्या कनेक्टरच्या, तीन पिना असतात : एकवर शील्ड, दोनवर हॉट, तीनवर कोल्ड. दोन आणि तीनमधून तोच आवाज एकमेकांच्या उलट जातो. वाटेत दोघांवर सारखाच कचरा चढतो, पलीकडे मिक्सर दोघांतला फरक तेवढा घेतो आणि कचरा वजा होतो. हे ज्याने स्वतःच्या हाताने वायर जोडून समजून घेतलं, त्याला स्टेजवर घुंऽऽ सुरू झाली की कुठे बघायचं ते कळतं. आपल्याकडची ती घुंई बहुतेक वेळा विजेची असते, म्हणजे ५० हर्ट्झची किंवा तिच्या पटीतली.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकून घुंई घालवणारे लोक भेटतील. त्यांच्यापासून पोराला लांब ठेवा. माइकला ओठ लावणाऱ्या गायकाच्या जिवाशी खेळ होतो तो.

ऐरोलीची_ऋता

मागच्या_रांगेतून दादांशी अर्धी सहमत. वायरी आल्याच पाहिजेत. पण 'फी लागत नाही' हे सरसकट खरं नाही.

मी सिनेमा आणि वेब सीरीजच्या पोस्टमध्ये, म्हणजे शूटिंगनंतरच्या कामात, संवाद एडिट करते. या बाजूला नीट शिक्षणाचा फायदा होतो. पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनीचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, कोलकात्याच्या सत्यजित रे फिल्म इन्स्टिट्यूटमध्येही आहे. दोन्हीकडे पदवी झाल्यावर जाता येतं आणि प्रवेश परीक्षा असते. बारावीला फिजिक्स असणं ही एफटीआयआयच्या ध्वनी विभागाची जुनी अट, तेव्हा तुमच्या मुलाची सायन्सची दोन वर्षं वाया गेलेली नाहीत. चालू वर्षाचं माहितीपत्रक मात्र स्वतः वाचा. २००९ साली साउंड मिक्सिंगचं ऑस्कर मिळवणारे रसूल पुकुट्टी याच संस्थेतले.

तिथे सगळ्यात मोठी गोष्ट मिळते ती वेळ. एकच दृश्य पाच जणांनी पाच तऱ्हांनी ऐकायचं आणि त्यावर भांडायचं. कामाला लागल्यावर एवढी फुरसत कुणी देत नाही.

म्हणून माझं गणित असं : आत्ता ठाण्यातच बीएस्सी फिजिक्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स, शनिवार-रविवारी प्रत्यक्ष काम, आणि तिसऱ्या वर्षाला एफटीआयआयची परीक्षा. नाही मिळालं तरी हातात पदवी आणि अनुभव दोन्ही असेल.

घोडबंदरचा_वाटसरू

म्हणजे मी एका ओळीत म्हणालो तेच. 🙂

ऐरोलीची_ऋता

हो, पण तुमच्या ओळीत शनिवार-रविवार नव्हते!

नेरूळ_सेक्टर_सहा

खासगी संस्थांबद्दल. माझ्या धाकट्या भावाने एका संस्थेत डिप्लोमा केला, नाव लिहीत नाही. जाहिरातीत चकचकीत स्टुडिओ होता. प्रत्यक्षात कन्सोलपुढे बसायची पाळी अख्ख्या सत्रात मोजकीच आली, कारण बॅच मोठी होती. उरलेला वेळ सॉफ्टवेअरची बटणं दाखवण्यात गेला, जी तो घरी व्हिडिओ बघून शिकलाच असता.

सगळ्या संस्था तशा नसतात. तरी फी भरण्याआधी आत जाऊन चौकशी करा. एका विद्यार्थ्याला स्टुडिओ एकट्याने किती तास मिळतो? शिकवणारे आजही बाहेर काम करतात का? आणि जमलं तर मागच्या बॅचच्या दोन-तीन मुलांना परस्पर फोन करा. संस्थेने गाठ घालून दिलेल्यांना नको, आपण शोधलेल्यांना करा.

दहा_बाय_दहा

मी घरून काम करतो. अल्बम, जाहिराती, मराठी ऑडिओबुकं. कोलशेतला आमच्या फ्लॅटमधल्या खोलीत स्टुडिओ आहे, म्हणून आयडी असा.

मुलगा घरीच मिक्स करणार असेल तर त्याला आधी खोली समजू द्या. दहा बाय दहाची खोली ऐकण्यासाठी फार वाईट. दोन भिंतींमधलं अंतर साधारण तीन मीटर, आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. वेगाला अंतराच्या दुपटीने भागलं की ५६-५७ हर्ट्झ येतात. त्या खोलीत हा सूर घुमणार. लांबी-रुंदी सारखी, त्यामुळे दोन्ही बाजूंनी तोच, आणि उंचीही नऊ-दहा फूट असते म्हणजे तिसऱ्या बाजूनेही जवळपास तोच. खोलीच्या बरोबर मध्ये बसलं की तो सूर ऐकूच येत नाही, भिंतीला टेकलं की अंगावर येतो. ढोलकीची धूम किंवा डग्याचा घुमारा कमी वाटतो म्हणून पोरगं वाढवतं, आणि तेच गाणं गाडीत लावलं की दारं थरथरतात.

भिंतीला अंड्यांचे ट्रे लावू नका, त्याने खालचे सूर अडत नाहीत, वर ते पटकन पेटतात. कोपऱ्यांत रॉकवूलचे (दगडी लोकरीचे) जाड थर कापडात बांधून उभे करा. पुस्तकांनी भरलेलं कपाट मागच्या भिंतीला. गायकाचा आवाज घ्यायचा तर कपड्यांचं कपाट उघडं ठेवून त्याच्यासमोर उभं करा, मागे जाड गोधड्या टांगा. मी कितीतरी ऑडिओबुकं असल्या गोधड्यांच्या आडोशाला रेकॉर्ड केली आहेत आणि ती सगळी तपासणीत पास झाली.

तोवर चांगले हेडफोन आणि ओळखीची गाणी. आपल्याला आवडणारी आठ-दहा गाणी निवडायची, कुठल्याही नव्या जागी गेलं की आधी तीच लावायची. जागा काय खोटं बोलते ते लगेच कळतं.

खारघर_कट्टा

शेजाऱ्यांचं काय? आमच्या सोसायटीत मिक्सरवर चटणी वाटली तरी सेक्रेटरी फोन करतो, तुम्ही ध्वनीच्या मिक्सरचं बोलताय.

दहा_बाय_दहा

😀 भिंतीवरचा फोम खोलीच्या आतला आवाज सुधारतो, बाहेर जाणारा थांबवत नाही, हे आधी ध्यानात घ्यायचं. बाहेरचा थांबवायला वजन लागतं : दुहेरी भिंत, जाड दार, दाराच्या फटीला रबर. भाड्याच्या घरात ते होत नाही. म्हणून रात्री हेडफोन. कायदाही माहीत असावा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्र म्हणजे १० ते सकाळी ६.

मागच्या_रांगेतून

ते नियम लाइव्हवाल्यालाही पाठ हवेत. दहाच्या ठोक्याला पोलीस आयोजकाला गाठतात, आयोजक आपल्याकडे बोट दाखवतो. सरकार वर्षातले काही दिवस बारापर्यंत सूट देतं, १५ पेक्षा जास्त नाहीत. त्यात आपला कार्यक्रम बसतो का ते आधीच विचारून ठेवायचं.

मुंब्रा_खाडी

एक बाळबोध प्रश्न. हे सगळं कुठल्या सॉफ्टवेअरवर शिकायचं? प्रत्येक जण वेगळं नाव सांगतो.

ऐरोलीची_ऋता

सिनेमाच्या पोस्टमध्ये प्रो टूल्स यायलाच हवं. गाणी करणारे क्यूबेस, लॉजिक, एबलटन, एफएल, काहीही वापरतात. लॉजिक फक्त ॲपलच्या मॅक आणि आयपॅडवर चालतं, विंडोजवर नाही. शिकायला रीपर उत्तम, ६० दिवस वापरून बघता येतं आणि घरगुती परवाना ६० डॉलरचा आहे. चोरीची सॉफ्टवेअरं वापरायची सवय लावून घेऊ नये, बाहेरच्या कंपनीचं काम आलं की ते अडचणीत आणतं.

पण सॉफ्टवेअर बदलता येतं, कान बदलून मिळत नाहीत. रोज अर्धा तास कानाचा रियाज हवा. चालू गाण्यात इक्वलायझरवर एखादी फ्रीक्वेन्सी वाढवायची आणि ओळखायची : २५० हर्ट्झला गाणं कोंदट होतं, ३००० च्या आसपास टोचायला लागतं. महिन्याभरात फरक पडतो. तुमच्या मुलाला तबला येतो हा फार मोठा ठेवा आहे ताई. एडिट करताना सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे आहे ते ज्याला कळतं तो गाणं बेतालपणे कापत नाही.

सूरपेटी

ऋताताईंच्या शेवटच्या वाक्याला शंभर टक्के अनुमोदन. मी ठाण्यात गाणं शिकवते. स्टुडिओत माझ्या विद्यार्थिनी 'काळी चार' म्हणतात आणि समोरचा तंत्रज्ञ बघत राहतो. काळी चार म्हणजे जी शार्प, काळी एक म्हणजे सी शार्प, एवढं तरी मराठी गाणी रेकॉर्ड करणाऱ्याला यायला हवं. मुलाला तबल्याबरोबर थोडं गायला किंवा पेटी वाजवायला लावा. विशारदपर्यंत जावं असं नाही, पण तानपुरा सुरात आहे की नाही ते कळायला हवं. राम मराठे महोत्सवासारख्या मैफलीला त्याला घेऊन जा आणि गाण्याबरोबर साउंडकडेही कान देऊन ऐकायला सांगा. कलाकार मॉनिटरमध्ये (त्याच्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) तानपुरा का मागतो, तबलजी डग्याचा आवाज का कमी करायला लावतो, ते तिथे समजतं.

उरणचा_नाखवा

राम राम. वाचत होतो, आता राहवत नाही म्हणून लिहितो. सगळे अंधेरी-गोरेगावचं बोलताय, आपल्या पायाखालच्या कामाचं कोणीच बोलत नाही.

ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यात आगरी-कोळी गाण्यांचा केवढा पसारा आहे! हळदीची गाणी, एकविरा आईची गाणी, लग्नसराईच्या आधी नवीन गाणी काढायची धांदल. गावागावात बेंजो पार्ट्या आहेत. ही गाणी छोट्या छोट्या स्टुडिओत होतात आणि लाखो लोक ऐकतात. मी याच कामावर घर चालवतो. कीबोर्डवर चाल बांधायची, बेंजो आणि ढोल खरे वाजवून घ्यायचे, मिक्स करायचं, व्हिडिओवाल्याला द्यायचं. गाण्यामागे पैसे ठरतात. सिझनला झोप नसते, पावसाळ्यात हात रिकामे असतात.

आणि एक सांगतो. आमच्याकडे लग्न लावणाऱ्या धवलारणी आहेत, धवले गातात. म्हाताऱ्या झाल्यात, पुढे गाणाऱ्या पोरी कमी. मी त्यांचे धवले त्यांच्याच घरात जाऊन रेकॉर्ड करतो. स्टुडिओत आणलं की त्या बिचकतात, आवाज बारीक होतो. घरात ओटीवर चटई टाकून जशा बसतात तशाच बसू द्यायच्या, प्रत्येकीला वेगळा माइक द्यायचा नाही, मध्ये माइकची एक जोडी लावायची. जिचा आवाज मोठा तिला एक वीत मागे सरकवायची. पंखा बंद, फ्रीज बंद. फ्रीज बंद करताना गाडीची चावी आत ठेवतो, म्हणजे निघताना फ्रीज परत चालू करायचा राहत नाही, नाहीतर त्यांची मासळी वाया जायची. गाणं झालं की कुणी न बोलता अर्धा मिनिट तसंच रेकॉर्डिंग चालू ठेवायचं, त्या घराची शांतता नंतर जोडकामाला लागते.

हे काम शिकायचं असेल तर ताई, पोराला एखाद्या रविवारी पाठवून द्या. आमच्याकडे जेवूनच जाईल.

ऐरोलीची_ऋता

नाखवादादा, ही चावीची युक्ती सेटवरचे जुने लोकही करतात! आणि ती शेवटची शांतता, रूम टोन, घेतलेली नसते म्हणून माझे किती तास जातात काय सांगू. दोन वाक्यं जोडताना मधली जागा मोकळी पडली की प्रेक्षकाला ती खटकतेच. तुमच्या हाताखाली शिकलेली पोरं मला पाठवा.

सूरपेटी

नाखवा, हे धवले कुठे ऐकायला मिळतील? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

कोपरी_पूल

सगळं छान, पण दोन वर्षांनी एआय गाणी करणार, मिक्स करणार. मग ही मुलं काय करणार? इंजिनीअरिंगच बरं.

दहा_बाय_दहा

कोपरी_पूल, एआयने कोडिंगवाल्यांना सोडलंय का? 🙂

गंभीरपणे सांगायचं तर परिणाम झालाय. स्वस्तातल्या जिंगल, दुकानांच्या रील्सचं पार्श्वसंगीत, ही कामं आटली. आवाजामागचा गोंगाट काढायला, तयार गाण्यातून गायकाचा आवाज वेगळा करायला मीही तीच साधनं वापरतो. पण नाखवांच्या ओटीवर माइक कुठे ठेवायचा हे तिथे बसून ठरवावं लागतं. गायिका घाबरली असेल तर तिला चहा पाजून पुन्हा उभं करावं लागतं. नव्या मुलाने प्रत्यक्ष माणसांसमोरचं काम आधी शिकावं.

कायदा_कोर्ट_कळवा

मी वकील आहे, संगीतकारांचे करार बघते. तीन हात जागा फक्त माझ्या विषयाला द्या.

संगीत निर्मितीत पडणाऱ्या मुलाला स्वामित्वहक्काची जुजबी माहिती पहिल्या दिवसापासून हवी. गाण्यात दोन वेगवेगळे हक्क असतात. एक चालीचा आणि शब्दांचा, दुसरा ध्वनिमुद्रणाचा. ध्वनिमुद्रणाचा हक्क साधारणपणे पैसे घालणाऱ्या निर्मात्याकडे जातो आणि तो प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर सिनेमासाठी केलेलं काम असलं तरी संगीतकार-गीतकाराला सिनेमागृहाबाहेरच्या वापरातल्या रॉयल्टीचा वाटा सोडून देता येत नाही. वारसाला किंवा आयपीआरएससारख्या, संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेलाच तो देता येतो. तेव्हा स्वतः चाली करणाऱ्याने आयपीआरएसचं सदस्यत्व घ्यावं.

मिक्स करणाऱ्याला मात्र कायद्याने आपोआप रॉयल्टी नाही. त्याचा मोबदला ठरवून घ्यावा लागतो, लेखी. मोठा करार नको, साधा ईमेल पुरतो : काम काय, किती वेळा बदल करून देणार, पैसे किती, कधी, श्रेयनामावलीत नाव कसं. अर्धे पैसे आधी. ओळखीतल्या माणसाकडूनही घ्यावेत, उलट ओळखीतल्याकडूनच आधी घ्यावेत.

मागच्या_रांगेतून

ताई, शेवटचं वाक्य फ्रेम करून लावतो.

कानाची_डॉक्टर

उशिरा आले. मी कान-नाक-घसा बघते, नवी मुंबईत. एवढ्या प्रतिसादांत कानाच्या आरोग्याबद्दल कुणीच बोललं नाही याची काळजी वाटली.

सर्वसाधारण मान्य हिशेब असा : ८५ डेसिबल आवाजात आठ तास. दर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, आणि १०० ला फक्त १५ मिनिटं. ढोल-ताशाच्या मधोमध उभं राहिलं की १०० सहज ओलांडतात. आतल्या कानातल्या केसासारख्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. पहिली झळ बहुतेक वेळा ४००० हर्ट्झच्या आसपास लागते, आणि तो भाग बोलण्यातली व्यंजनं स्पष्ट करणारा असतो.

मुलाची ऑडिओमेट्री (ऐकण्याची चाचणी) आत्ताच करून घ्या आणि कागद जपून ठेवा, पुढे दरवर्षी तुलना करता येते. लाइव्ह काम करणार असेल तर संगीतकारांसाठीचे इअरप्लग घ्या, त्यांनी सगळे सूर सारखे कमी होतात, कापसासारखं कोंदट वाटत नाही. कापूस काही कामाचा नाही. कार्यक्रमानंतर कानात शीळ वाजत राहिली तर दुसऱ्या दिवशी कानांना पूर्ण विश्रांती. शीळ दोन दिवसांनीही गेली नाही तर डॉक्टर.

मागच्या_रांगेतून

डॉक्टर, तुमचे उपकार. माझ्या पोरांना आजच वाचायला देतो. मिक्स करताना आवाज हळू ठेवायचा, असं मी सांगतो ते त्यांना माझं म्हातारपण वाटतं.

नौपाड्याची_अनघा

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलाला शेजारी बसवून पूर्ण धागा वाचला. त्याला नाखवादादांचं लिहिणं सर्वात आवडलं, मला ऋताताईंचं गणित. डिप्लोम्याचं कर्ज तूर्त नको असं ठरतंय. यजमान म्हणतात, पैशांचं अजून कुणी सरळ सांगितलं नाही. कुणी सांगाल का?

दहा_बाय_दहा

सांगतो. सुरुवातीची दोन-तीन वर्षं घरावर अवलंबून राहावं लागतं. तुम्ही ठाण्यात राहता, भाडं नाही, ही त्याची खरी शिष्यवृत्ती आहे. म्हणून अंधेरीला खोली घेऊ नका. गरज पडेल तेव्हा जाऊन येता येतं.

महिन्याला ठरलेले पैसे हवे असतील तर पोस्ट स्टुडिओतली, वाहिन्यांमधली, डबिंग किंवा ऑडिओबुकच्या कंपन्यांतली नोकरी. रक्कम मोठी नसते पण एक तारखेला येते, आणि रोज तेच काम केल्याने हात बसतो. नाटकात नाइटप्रमाणे मिळतात, बहुधा प्रयोग झाला की लगेच. लाइव्हचे कार्यक्रमामागे. बाकी मोकळ्या कामात बिल दिल्यावर पैसे यायला महिनोन् महिने जातात, त्यामुळे तीन-चार महिन्यांची पुंजी बाजूला हवी. आमच्यातले बरेच जण दोन गोष्टी जोडीने करतात : एक आवडीची, एक नियमित. मी ऑडिओबुकांवर घर चालवतो आणि गाणी मनाजोगती करतो. कंपन्यांच्या बऱ्याच बिलांवर टीडीएस, म्हणजे आयकर, आधीच कापला जातो, तो आयकर खात्याच्या साइटवर तपासून विवरणपत्र वेळेवर भरायचं. बँकेत गृहकर्ज मागायला जाल तेव्हा तेच कागद बोलतात.

ऐरोलीची_ऋता

यात भर. कामं ओळखीने मिळतात हे खरं, पण ओळख टिकते ती सवयींवर. फाइलला नाव नीट देणं, तारीख टाकणं, दोन ठिकाणी बॅकअप. सिनेमा-व्हिडिओचं काम ४८ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटवर असतं, कुणी सांगायची वाट न बघता तसंच द्यायचं. नेटफ्लिक्सला संवादांची सरासरी पातळी उणे २७ एलकेएफएस (आवाजाच्या मोठेपणाचं माप) लागते, दोन इकडे-तिकडे चालते. दिलेलं माप न बघता पाठवलेली फाइल परत येते आणि पाठवणाऱ्याचं नाव लक्षात राहतं.

नौपाड्याची_अनघा

आता घरात वाद उरला नाही. बीएस्सी फिजिक्सला अर्ज करतोय. रविवारी उरणला जाईल, नाखवादादा, व्यनि केलाय. त्याला मासे फार आवडतात, हे आधीच सांगून ठेवते.

उरणचा_नाखवा

मग जवळ्याची चटणी आणि भाकरी पक्की. सकाळी लवकर निघायला सांगा, दुपारी समोरच्या अंगणात क्रिकेट सुरू होतं, मग रेकॉर्डिंग होत नाही.

पनवेलची_मेघना

मी नवीन सदस्य. अकरावीत आहे. मला लाइव्ह साउंड करायचंय, पण घरचे म्हणतात मुलींचं काम नाही, रात्री घरी कशी येणार, जड पेट्या कशा उचलणार. इथे लाइव्ह करणाऱ्या ताई आहेत का?

ऐरोलीची_ऋता

मेघना, मी सुरुवात लाइव्हनेच केली. जड पेटी पुरुषांनीही एकट्याने उचलायची नसते, दोघांनी धरायची असा नियमच असतो. खाली चाकं असतात, रॅम्प असतो. रात्रीचा प्रश्न खरा आहे, तो काम घेतानाच सोडवायचा. कार्यक्रम संपल्यावर सामान आवरायला आणखी दोन-तीन तास जातात, शेवटची लोकल गेलेली असते. घरी सोडायची गाडी कोण देणार हे काम स्वीकारताना विचार, आणि पैशांबरोबर ते लेखी घे. मी असं विचारल्यावर कुणी नाही म्हटलं, तर ते काम मी घेत नसे. सुरुवातीला दुपारचे प्रयोग आणि शाळा-कॉलेजचे कार्यक्रम धर. बाबांना एकदा साउंड चेकला घेऊन जा, आपण कुठे आणि कुणाबरोबर असतो ते त्यांना दिसू दे.

मागच्या_रांगेतून

मेघना, शनिवारी घाणेकरला दुपारचा प्रयोग आहे, साउंडवर आमच्या टीममधल्या दोघी आहेत. आईबाबांना घेऊनच ये. बाबांना व्यनि करायला सांग, वेळ आणि गेट कळवतो. बंद बूट घाल, ओढणी नको, छोटी टॉर्च असेल तर आण. अनघाताई, तुमच्या चिरंजीवांनाही पाठवा, वायरी भरपूर आहेत.